अण्णाभाऊ साठे आणि कत्तलीच्या आधीची वाट

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे बॅनर लागू लागतात. १८ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन आणि १ ऑगस्ट ही जयंती. या दोन तारखांच्या मध्ये भाषणे होतात, 'माझी मैना' गायली जाते आणि दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. वांद्रे पूर्वेतले आम्ही काही कार्यकर्ते यंदा त्यांचे पोवाडे आणि 'फकिरा' नव्याने वाचायला बसलो. वाचताना एक गोष्ट ठळकपणे समोर आली. विसाव्या शतकात माणसे लाखांनी मारली गेली, त्यातल्या कितीतरी घटना या माणसाने लेखणीत घेतल्या आहेत. हिटलरची फौज, बंगालचा दुष्काळ, फाळणीची कत्तल. आणि या सगळ्याच्या आधीची पायरी, म्हणजे माणसांची नावे वहीत चढवून त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणे, ही तर त्यांच्या स्वतःच्या समाजाने भोगलेली. एखादा समाज कत्तलीपर्यंत कसा पोचतो हे समजून घ्यायचे असेल तर अण्णाभाऊंचे आयुष्य एकदा या बाजूनेही वाचले पाहिजे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुका, तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. आई वालुबाई, वडील भाऊराव. घर मांगवाड्यात. वडील मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करत आणि आई गावाकडे मिळेल ती मजुरी करून घर चालवत असे.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आणला. सातारा भागातल्या मांग, रामोशी वस्त्यांवर हजेरी बसली. हजेरी म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना नीट सांगावे लागते. गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती. खटला नाही, साक्षीदार नाही. तुम्ही अमुक जातीत जन्मलात एवढा पुरावा पुरेसा होता. पुरुषांनी ठरलेल्या वेळी पाटलापुढे किंवा चौकीवर जाऊन तोंड दाखवायचे. परगावी जायचे तर परवानगी काढायची. हजेरी चुकली की शिक्षा. गावात चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या दारात जाणार हे ठरलेलेच. काही जमातींना तर उचलून तारेच्या कुंपणात नेऊन ठेवले. सोलापुरात त्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

आता हजेरीची ही वही गावातल्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने बघा. ज्याचे नाव तिच्यात नाही, तो रोज सकाळी पाहतो की शेजारचा माणूस चावडीवर हात जोडून उभा आहे. पहिल्या दिवशी कदाचित वाईट वाटत असेल. वर्षभराने वाटत नाही. दहा वर्षांनी त्याच्या मुलाला असे वाटू लागते की ही माणसे काहीतरी करतच असणार, उगाच का सरकार हजेरी घेईल! वहीत ज्यांची नावे आहेत त्यांचे हाल होतातच, पण ज्यांची नाहीत त्यांचे मनही ती वही हळूहळू मारून टाकते. आमच्या मते मोठ्या कत्तलींची तयारी खरी इथे होते. हत्यारे फार नंतर येतात.

रवांडा या आफ्रिकेतल्या देशात बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापले. साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच कार्डे तपासून तुत्सींना बाजूला काढून मारले गेले. सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे गेली, आणि मारणारे बरेचसे शेजारीच होते. आधी रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हणण्याची सवय लावली गेली होती. कार्ड छापणाऱ्या कारकुनाने कुणावर कोयता उचलला नव्हता. पण त्या कार्डाशिवाय नाक्यावरच्या माणसाला कुणाला मारायचे हे कळलेच नसते.

वाटेगावच्या शाळेत अण्णाभाऊ दीड दिवस टिकले. मास्तरांचा जाच आणि वेगळे बसवणे, त्यानंतर शाळा संपली. गावात दुष्काळी दिवस आले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब वाटेत मिळेल ते काम करत पायी मुंबईला निघाले. मुंबईत भायखळ्याला राहिले. अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले, पडेल ते केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे जुळवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांमध्ये आले आणि तिथल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला. सुरुवात अशी डासांपासून झाली, हे आम्हाला फार आवडते.

१९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. एक मांग, एक मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर गव्हाणकर, असे हे त्रिकूट गिरणगावच्या चाळींत, मैदानांत, गावोगावच्या जत्रांत डफ वाजवत फिरत होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत देशात काय झाले ते आठवा, म्हणजे या त्रिकुटाचे मोल कळेल.

'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' याच काळातला. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टॅलिनग्राडला हिटलरच्या फौजेचा पराभव झाला आणि मुंबईतल्या एका मांगाच्या पोराने त्यावर मराठीत पोवाडा रचला. पुढे तो रशियन भाषेत गेला. नाझींनी ज्यूंचे काय केले ते जगाला पुरते कळायला अजून वेळ होता. पण त्या वाटेच्या पायऱ्या आज तारीखवार सांगता येतात. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे, ज्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांच्याशी लग्न करणे हा गुन्हा ठरवला. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत प्रार्थनास्थळे जाळली, दुकाने फोडली. गॅसच्या कोठड्या त्यानंतर आल्या. एकूण सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

बहिष्कार, बेटीबंदी, वस्ती वेगळी, जाळपोळ. आपल्यापैकी कुणाला या शब्दांचा अर्थ शब्दकोशात बघावा लागतो काय? बाबासाहेब या बाबतीत फार आधीपासून स्पष्ट होते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. हे स्टार्ट साहेब म्हणजे इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचा कारभार पाहिलेले अधिकारी. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने नोंदवले की अस्पृश्यांवरच्या उघड हिंसेपेक्षाही सामाजिक बहिष्कार हे जास्त भयंकर हत्यार आहे, कारण त्यात कायदा न मोडता माणसाला जगणे अशक्य करता येते. अण्णाभाऊंनी हेच कथेत आणले. त्यांच्या 'सापळा' या कथेत बाबासाहेबांची शिकवण मानून महार मेलेली ढोरे ओढायला नकार देतात आणि गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते. मांगवाड्यात जन्मलेला लेखक महारवाड्याच्या लढ्याची कथा लिहितो, हे आज मुद्दाम आठवायला हवे. महार-मांग वादावर ज्यांची दुकाने चालतात त्यांनी तर नक्कीच.

बंगालच्या दुष्काळावर त्यांनी 'बंगालची हाक' लिहिली. १९४३ मध्ये बंगालात वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली. तिथे कुणी तलवार उपसली नव्हती. धान्य लष्कराकडे, साठेबाजांकडे गेले, भाव चढले, आणि दिल्ली-लंडनच्या कचेऱ्यांना त्या माणसांचे मरण परवडले. याला नरसंहार म्हणावे की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. नरसंहार हा शब्द आपण स्वस्त करू नये असे आम्हालाही वाटते. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने तो १९४४ मध्ये घडवला आणि संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ ला त्याची व्याख्या ठरवली. एखादा गट त्या गटाचा म्हणूनच पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, हा तिचा गाभा आहे. प्रत्येक अत्याचाराला हा शब्द लावला तर खरी वेळ येईल तेव्हा तो बोथट झालेला असेल.

आणि मग १९४७. पंजाबात जे झाले त्यात किती मेले याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. सव्वा कोटीच्या आसपास माणसे घरातून उखडली गेली. त्यातले हजारो सिंधी आणि पंजाबी निर्वासित आपल्या उपनगरांत आले. मुलुंड आणि चेंबूरच्या कॉलन्या तेव्हाच्या आहेत. अण्णाभाऊंनी 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हा पोवाडा याच आगीवर रचला. त्यात एका धर्माने दुसऱ्याला मारले एवढीच हकिगत नाही. आग लावणारे कोण, त्यातून कमावणारे कोण, आणि मरणारे कोण, असा हिशेब शाहीर मांडतो. त्या दिवसांत असा पोवाडा करणे सोपे नव्हते. मुंबईत १९४६ च्या सप्टेंबरपासून सुरे चालत होते. जो तो आपापल्या गल्लीत घुसला होता. अमर शेख यांच्यासारखा मुसलमान शाहीर आणि अण्णाभाऊंसारखा मांग शाहीर एकाच कलापथकात होते, हेच एक उत्तर होते.

या कत्तलीत आपली माणसे कुठे होती? हा प्रश्न शाळेच्या पुस्तकात येत नाही. कराचीतल्या सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारने अत्यावश्यक सेवेचे नाव पुढे करून भारतात यायला अडवले. घाण कोण काढणार, हा सवाल होता. इकडे निर्वासितांच्या छावण्यांत अस्पृश्यांना धड मदत मिळत नव्हती. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना सविस्तर पत्र लिहून दोन्ही बाजूंची ही दशा मांडली आणि त्यांना सोडवून आणण्याची मागणी केली. दोन मोठे समाज एकमेकांच्या जिवावर उठतात तेव्हा तिसऱ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्याला मारण्यासाठी बोलावले जाते किंवा घाण काढण्यासाठी ठेवून घेतले जाते.

स्वातंत्र्यानंतर गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर संपला. आता त्या जमाती विमुक्त. वही बंद झाली, पण पोलिसाच्या नजरेतली हजेरी चालूच राहिली, हे पारधी वस्तीवर काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, 'फकिरा' आली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्यात मांगवाडा उपाशी मरतो आहे, वर हजेरी आहे, आणि फकिरा धान्य आणि खजिना लुटून माणसे जगवतो. त्याच्या पराक्रमावर आपण खूप बोलतो. आम्हाला या वाचनात विष्णुपंत कुलकर्णी जास्त महत्त्वाचे वाटले. गावचा कुलकर्णी, म्हणजे कागद ज्याच्या हातात तो माणूस. पण तो मांगांना मरू द्यायला तयार नाही. जगा, काहीही करा पण जगा, असे त्याचे म्हणणे आहे. मारण्याच्या यंत्रणेला कारकून लागतो, तलाठी लागतो, हवालदार लागतो. त्यातला एक जरी आडवा उभा राहिला तरी यंत्र अडते. अण्णाभाऊंनी एका ब्राह्मणाला हे श्रेय मोकळेपणाने दिले. जात न मानणारा माणूसच असे लिहू शकतो.

त्यांची एक बाजू आम्हाला पटत नाही, तीही सांगितली पाहिजे. सोव्हिएत रशियावर अण्णाभाऊंचा पूर्ण विश्वास होता. १९६१ मध्ये ते तिकडे गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. पण ज्या स्टॅलिनच्या नावाच्या शहराचा त्यांनी पोवाडा गायला, त्याच स्टॅलिनच्या राज्यात १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपाशी मारले गेले आणि १९४४ मध्ये क्रिमियातल्या तातार लोकांना एकजात गाड्यांत कोंबून हद्दपार केले गेले. याद्या तिथेही होत्या. चिरागनगरच्या झोपडीत बसून हे अण्णाभाऊंना कळायला मार्ग नव्हता. आपल्याला मात्र आज कळते, आणि कळल्यावर आपल्या बाजूच्या सरकारने केले म्हणून डोळे मिटता येत नाहीत.

हेच बौद्धांनाही लागू आहे. म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्या मुसलमानांना यादीबाहेर काढले. मग काही भिक्खूंनीच त्यांच्याविरुद्ध प्रवचने दिली, मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्काराची मोहीम चालवली, आणि ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने गावे जाळली. सात लाखांहून जास्त माणसे बांगलादेशात पळाली. चीवर अंगावर असल्याने माणूस या वाटेवरून आपोआप मागे फिरत नाही. आपल्या तरुणांनी ही गोष्ट परधर्मीयांकडून टोमणा म्हणून ऐकण्याआधी आपणच एकमेकांना सांगितलेली बरी.

आणि वांद्रे? खेरवाडी, सरकारी वसाहत, निर्मलनगर आणि स्टेशनला लागून बेहरामपाडा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या रस्त्यांवर काय झाले ते पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही आठवते. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेली. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. हल्लेखोरांच्या हातात मतदारयाद्या आणि दुकानांच्या याद्या होत्या, हे आयोगाने लिहून ठेवले आहे. काही मराठी वृत्तपत्रांनी आधीपासून काय छापले होते, हेही त्यात आहे. वाटेगावच्या चावडीवरची वही आणि ही मतदारयादी यांत फरक एवढाच की दुसरी मत देण्यासाठी केलेली होती. तो अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला सादर झाला. आपल्या अभ्यासवर्गांत तो वाचला जात नाही. तो दुसऱ्यांचा विषय आहे असे आपण धरून चालतो. पण १९७८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात नामांतराच्या आगीत पोचीराम कांबळे मारले गेले ते मातंग होते, आणि मारणाऱ्यांना ते जयभीम म्हणतात एवढेच पुरले. दंगलखोर यादी आपल्याला विचारून करत नाहीत.

अण्णाभाऊंच्या कलापथकावर आणि तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा त्यांनी त्यातून लोकनाट्य पुढे आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. २ मार्च १९५८ ला दादरला पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. त्यातले शेषनागाचे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, ते इथे परत लिहीत नाही. ते बौद्ध झाले नाहीत आणि शेवटपर्यंत कम्युनिस्ट चळवळीशी जोडलेले राहिले. त्यामुळे आपल्यातले काही जण त्यांना अर्ध्या अंतरावर ठेवतात. जयंतीला हार, बाकी वर्षभर विसर. 'फकिरा'ची अर्पणपत्रिका वाचली तर हे अंतर त्यांच्या बाजूने नव्हते हे दिसते.

घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांनी वीसेक वर्षे काढली. पस्तिसेक कादंबऱ्या आणि कितीतरी कथा यांतले बरेचसे तिथल्या झोपडीत लिहिले. शेजारी पाकीटमार, हमाल, कंजारी, गिरणी कामगार, सगळ्या जातिधर्मांचे. त्यांच्या कथांतली माणसे तिथूनच उठून आली आहेत आणि त्यात कुणीही जन्माने गुन्हेगार नाही. उत्तरार्धात सरकारने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना छोटे घर दिले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, हालाखीत आणि एकाकी अवस्थेत ते गेले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख गेले.

'पंजाब-दिल्लीचा दंगा' जयंतीच्या स्टेजवर ऐकू येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या त्यांच्या निवडक वाङ्मयाच्या खंडात शोधा. यंदा १ ऑगस्टला वांद्र्यात आम्ही तोच घेणार आहोत. डफ आहे, तुणतुणे आहे. झील धरायला दोन आवाज कमी पडत आहेत, ज्यांना जमेल त्यांनी यावे.